तीन नंबरची खुर्ची

डायलिसिसच्या खोलीत भांडायचं एक सुख असतं. कुणी उठून अंगावर येऊ शकत नाही. हातात दोन सुया, सुयांना दोन नळ्या, नळ्या मशीनला, आणि चार तास जागचं हलायचं नाही म्हणजे नाही. त्यामुळे दोन नंबरच्या खुर्चीतले इन्स्पेक्टर आणि चार नंबरच्या खुर्चीतले टेलरकाका दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळी सात ते अकरा, गेली दोन वर्षं मनसोक्त भांडत आले होते.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत, बॉयलरचे. जन्म कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात गेला, आणि ज्याला काटा नाही, आकडा नाही ते खरं मानायचं नाही ही सवय हाडीमासी खिळली. निवृत्त झाल्यावर नास्तिकांच्या एका मंडळात गेले आणि मंडळाची पत्रकं स्वतःच लिहायला लागले. देवाचा विषय निघाला की म्हणायचे, "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर." टेलरकाका ख्रिस्ती. माणूस मऊ, आवाज त्याहून मऊ, पण चिकाटी अशी की घोरपडीने धडा घ्यावा. येशूचं नाव घेतल्याशिवाय ते वजनकाट्यावरसुद्धा पाय ठेवायचे नाहीत. शर्टाच्या वरच्या खिशात चर्चची छोटी कार्डं कायम भरलेली असायची.

दोघांचाही माल वजनकाट्याशेजारच्या टेबलावर पडायचा. एकाने ठेवायचा, दुसऱ्याने गुपचूप कचऱ्यात टाकायचा. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवर नोटीस लावली, की या खोलीत कसलाही प्रचार करू नये. इन्स्पेक्टर म्हणाले, "प्रचार ते करतात. मी माहिती देतो." टेलरकाका म्हणाले, "मी कुठे प्रचार करतो? मी साक्ष देतो." झालं. नोटीस आपली भिंतीवर आणि हे दोघे आपले खुर्चीत.

ही सगळी जत्रा ज्यांनी आवरायची त्या मोठ्या सिस्टर. बावीस वर्षं याच कामात. शीर कितीही लपलेली असो, बोट फिरवलं की त्यांना सापडायची. खरं सांगायचं तर त्यांना हे भांडण आवडायचं. चार तास म्हणजे काही थोडाथोडका वेळ नाही. दोघं हमरीतुमरीवर आले की कुणी पाणी मागायचं नाही, पायात गोळे आले म्हणून कुणी कण्हायचं नाही. एखाद्याने बिनतोड मुद्दा काढला की सिस्टर हातमोजे घालता घालता म्हणायच्या, "आज इन्स्पेक्टरांचा एक." कधी म्हणायच्या, "काकांनी फेडला बरं." धाकट्या सिस्टरला हसू आवरायचं नाही.

त्या दोघांच्या मधली तीन नंबरची खुर्ची एका म्हाताऱ्या घड्याळजींची होती. त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून ते तिथे दोन वर्षं टिकले. ते गेले आणि खुर्ची रिकामी झाली. तिथे आली चष्म्याच्या दुकानातली मुलगी.

वय सव्वीस. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासायचं काम करायची. सवय अशी बारीक कामाची, की पहिल्याच दिवशी तिने सिस्टरांना विचारलं होतं, "सुई किती जाडीची आहे?" सिस्टरांना पोरगी तिथल्या तिथे आवडली. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी एकाच वर्षात राम म्हटला होता. बहिणी नव्हत्या, भाऊ नव्हता, आईचा रक्तगट जुळत नव्हता. म्हणजे आता जे काही होतं ते हे मशीन. आठवड्यातून तीनदा, न चुकता.

एक नंबरला पाय कापलेल्या आजी, त्यांना खुर्ची नव्हे, पलंगच लागायचा. पाच नंबरचं मशीन काविळीच्या पेशंटसाठी वेगळं ठेवलेलं. राहिली मधली. सिस्टरांच्या मनात एकदा आलं होतं, की इन्स्पेक्टरांना तीनवर सरकवावं आणि पोरीला दोनवर, खिडकीशी बसवावं. पण इन्स्पेक्टर खिडकी सोडायचे नाहीत. त्यावर तासभर वाद घालावा लागला असता. सिस्टर म्हणाल्या, जाऊ दे, कोण डोक्याला ताप करून घेणार. पोरगी तीनवर बसली. इकडे आड, तिकडे विहीर.

दोघांनीही पहिल्या आठवड्यातच तिला मनावर घेतलं. आणि वाईट मनाने नव्हे, हे आधी सांगते. टेलरकाकांना लेक नव्हती. त्यांनी तिच्यासाठी हाताखाली घ्यायला एक मऊ उशी शिवून आणली, आणि उशीबरोबर एक कार्ड. म्हणाले, "बेटा, तू एकटी नाहीस. कुणीतरी तुला नावाने ओळखतो." इन्स्पेक्टरांनी कागदावर मशीनचं चित्र काढून तिला पाणी कुठून येतं, रक्त कुठून जातं, दाब किती हवा ते सगळं समजावलं, आणि चित्राच्या मागच्या बाजूला मंडळाचं पत्रक. म्हणाले, "हे बघ, तुला कुणी शिक्षा केलेली नाही. पापबिप काही नाही. फिल्टर बिघडला, एवढंच. यात लाज कसली?"

ती दोघांनाही "हो काका" म्हणायची.

बस्स, तिथेच घोळ झाला. टेलरकाकांना वाटलं, पोरीच्या काळजात उजेड पडला. इन्स्पेक्टरांना वाटलं, पोरगी विचार करायला लागली. दोघंही जिंकले. आणि जिंकलेला माणूस गप्प बसेल तर शपथ. आता दोघांचं भांडण एकमेकांशी राहिलंच नाही, ते तिच्या डोक्यावरून तिच्याचसाठी चालायला लागलं. ती डोळे मिटायची. टेलरकाका कुजबुजायचे, "प्रार्थना करतेय." इन्स्पेक्टर म्हणायचे, "झोपलीय ती. तुम्ही झोपू द्याल तर ना."

गेल्या बुधवारी तर कळस झाला. टेलरकाकांनी आल्या आल्या जाहीर केलं, की रविवारी सकाळी दहाला पोरगी चर्चमध्ये येणार आहे, तिने होकार दिलाय. इन्स्पेक्टर हसले. म्हणाले, "शक्य नाही. रविवारी दहाला ती आमच्या मंडळाच्या व्याख्यानाला येतेय. मला तसं म्हणालीय." मग दोघंही तिच्याकडे वळले.

"सांग बेटा. घाबरू नकोस. कुणाकडे येणार?"

"हो, सांगून टाक. कुणाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलायचं कारण नाही. तुझं स्वतःचं मत काय ते सांग."

ती आधी छताकडे, मग मोठ्या सिस्टरांकडे बघत राहिली. खोलीत सगळे ऐकत होते. पाच नंबरवाल्याने कानातला इअरफोन काढला. पलंगावरच्या आजींनी मान वळवली. आणि मोठ्या सिस्टर, सांगायला नको पण सांगते, हातातलं काम थांबवून उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांनाही ऐकायचं होतं, कुणाचा नंबर लागतो ते.

तेवढ्यात तिच्या मशीनचा अलार्म वाजला. बीपी खाली आलं होतं, ओठ पांढरे पडले होते, पायात गोळे आले होते. सिस्टरांनी पाय वर केले, सलाईन सोडलं, आणि म्हणाल्या, "जास्त पाणी काढलं वाटतं आज." कागदावरही तेच लिहिलं.

शुक्रवारी तिचा फोन आला. ताप आहे, येत नाही. सिस्टर म्हणाल्या, "अगं, ताप असला तरी ये," पण तिने फोन ठेवून दिला होता.

आणि आज सोमवार. सातला दोन नंबर लागला, चार नंबर लागला, तीन नंबरचं मशीन तयार करून ठेवलं. आठ वाजले, नऊ वाजले. पोरगी नाही. बुधवारपासून सोमवार, म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांत रक्तात पोटॅशियम किती चढतं आणि चढलेलं पोटॅशियम बसल्या जागी हृदय कसं बंद पाडतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. सिस्टरांनी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आली नाही का?" टेलरकाकांनी विचारलं.

"दिसतंय ना," इन्स्पेक्टर म्हणाले. "येईल कशी? तुम्ही तिला बरं करून टाकलं असेल. बुधवारी काय सांगत होतात मी कान देऊन ऐकलंय. तुमच्या चर्चमधला कोण तो, प्रार्थनेने उठून बसला, औषधं फेकून दिली. हेच सांगत होतात ना?"

"मी औषधं फेका असं म्हणालो नाही."

"गोष्ट तर तीच सांगितलीत. पोरगी काही वेडी नाही, अर्थ कळतो तिला. तिला काही झालं तर ते तुमच्या त्या कार्डांवर."

टेलरकाकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. "आणि तुम्ही? तुम्ही तिला काय म्हणालात? शरीर तुझं आहे, वर कुणी मालक नाही, कंटाळा आला तर मशीन थांबवायचा तुला हक्क आहे. म्हणालात की नाही? सव्वीस वर्षांच्या पोरीला? मेल्यावर काही नसतं म्हणून सांगितल्यावर ती कशाच्या जोरावर इथे यायची हो?"

"ते मी तत्त्व म्हणून सांगितलं."

"ती तुमच्या तत्त्वावर मेली म्हणजे?"

इन्स्पेक्टरांनी हात हलवला आणि त्यांचं मशीन बोंबलायला लागलं. टेलरकाकांचं बीपी एकशे नव्वद. धाकटी सिस्टर इकडून तिकडे पळतेय. मोठ्या सिस्टरांनी अलार्म बंद केला आणि दरडावलं, "तोंडं बंद. दोघांची." त्यांनी फाईल उघडून आईचा नंबर काढला.

आई म्हणाली, "ती तर सहालाच निघाली की. पिशवी घेऊन, नेहमीसारखी."

"आणि शुक्रवारी? ताप होता ना?"

"ताप? छे. शुक्रवारीही आली होती तुमच्याकडे. संध्याकाळी पाचला घरी परतली. म्हणाली, आज उशीर झाला." मग पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "का हो सिस्टर? ती तिथे नाही?"

सिस्टरांनी काय सांगितलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. फोन ठेवला तेव्हा दोन आणि चार नंबर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "घरातून निघाली होती. दोन्ही दिवस."

पोरगी घरातून निघते, इथे पोचत नाही, दिवसभर कुठेतरी असते. इन्स्पेक्टरांनी तोंड पुसलं. म्हणाले, अगदी हळू, "हक्काचं मी बोललो होतो. ते खरं आहे. तिने विचारलं नव्हतं. मीच बोललो." टेलरकाका म्हणाले, "त्या माणसाची गोष्ट मी अर्धीच सांगितली. तो नंतर सहा महिन्यांत गेला. ते मी नाही सांगितलं." आणि ते मान खाली घालून रडायला लागले. दोघांचाही पुरता विश्वास बसला होता, की पोरीने त्यांचं ऐकलं. दोन वर्षांत कुणालाही एक इंचभर न हलवू शकलेली ही माणसं. आणि आज ऐकलं गेलं असावं या कल्पनेनेच दोघं आपापलं बोललेलं परत घ्यायला निघाले होते.

तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आल्या. कुणाचं काय चाललंय ते बघून म्हणाल्या, "ती चष्म्याच्या दुकानातली होय? ती खाली बसलीय की. औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर. शुक्रवारीही होती दिवसभर. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतेय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. सिस्टर धाकटीला म्हणाल्या, "पाच मिनिटं सांभाळ," आणि जिन्याने खाली धावल्या. पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात, तरी दोन दोन पायऱ्या.

ती बाकाच्या कडेला बसली होती, पिशवी मांडीवर. तोंड सुजलेलं, घोट्यांवर मोजे रुतलेले. श्वास घ्यायला खांदे वर उचलावे लागत होते. सिस्टरांना बघून तिने हसायचा प्रयत्न केला.

"इथे काय करतेस गं? मरायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. दोन शब्दांमध्ये थांबून थांबून बोलत होती. "मरायचं नाहीये. म्हणूनच बसलेय. दुसऱ्या शिफ्टला जागा आहे का, खाली ऑफिसात विचारलं. नाही म्हणाले. कुणी पेशंट आला नाही तर देऊ म्हणाले. शुक्रवारी सगळे आले."

"आणि वर तुझी खुर्ची तयार ठेवलेली असताना?"

"ती खुर्ची नको."

"त्या दोघांचं काही वाचलंस का? काही मनात घेतलंस?"

तिला खरंच कळलं नाही. मग कळलं. "नाही हो. ती पत्रकं काचा गुंडाळायला वापरते. कागद चांगला असतो." श्वास घेतला. "सिस्टर, मला काही म्हणायचंच नाहीये. आहे का, नाही का, मला माहीत नाही. मला फक्त ते चार तास पडून राहायचं असतं. हो म्हटलं तर एक गप्प बसतो आणि दुसरा सुरू होतो. नाही म्हटलं तरी तेच. दुकानात गिऱ्हाईक डोकं खायला लागलं, तर मी मागच्या खोलीत जाते. इथे कुठे जाऊ?"

"मग मला सांगायचं होतंस."

ती सिस्टरांकडे नुसती बघत राहिली.

सिस्टरांनी चाकाची खुर्ची मागवली. तिला वर आणेपर्यंत ओठ निळसर झाले होते. पण दाराशी येताच तिने चौकट पकडली. नखं पांढरी होईपर्यंत पकडली. आत दोन चेहरे तिच्याकडे वळले होते, आणि दोन्ही चेहऱ्यांवर इतका आनंद होता की बघवत नव्हता.

"देवा, तुझे उपकार," टेलरकाका म्हणाले.

"त्याचे कसले? मावशींचे माना," इन्स्पेक्टर म्हणाले. जित्याची खोड.

पोरीने डोळे मिटून घेतले. "नको सिस्टर. मी खालीच बसते."

"माझं काढा," इन्स्पेक्टर लगेच म्हणाले. "मी जातो बाहेर. दीड तास राहिलाय, राहू दे."

"नाही नाही, माझं काढा सिस्टर," टेलरकाका म्हणाले. "तुमचं हृदय नाजूक आहे इन्स्पेक्टर. मी जातो. तिच्यासाठी एवढं तर मी करूच शकतो."

"वा. म्हणजे उद्यापासून याचीच साक्ष. मी कसा स्वतःचा जीव धोक्यात घातला."

"आणि तुम्ही गेलात तर पुढच्या पत्रकात छापाल. देव न मानणाराही कसा मोठ्या मनाचा असतो."

"निदान मी बक्षिसाच्या आशेने करत नाहीये."

"बक्षीस कोण मागतंय? मी तर..."

चाकाच्या खुर्चीतल्या पोरीचं डोकं एका बाजूला कलंडलं. आणि तिथे, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्या सिस्टर त्या खोलीत ओरडल्या.

"पुरे. एक अक्षर नको. दोघांचंही काढते."

सिस्टरांनी धाकटीला पोरीपाशी उभं केलं, डॉक्टरांना हाक मारायला मावशींना पाठवलं आणि दोन्ही मशीनं थांबवायला घेतली. रक्त परत अंगात सोडलं, सुया काढल्या, कापसाचे बोळे दाबून धरायला सांगितले. कुणी आधी, कुणी नंतर असंही होऊ दिलं नाही. नाहीतर त्यावरूनही जुंपली असती. दोघांना दंडाला धरून उठवलं आणि बाहेर नेऊन बसवलं. "बुधवारी येताना ठरवून या. इन्स्पेक्टर, खिडकी गेली. तुम्ही तीनवर, काका चारवर. एकमेकांचं डोकं खा. तिच्याकडे नुसतं बघितलंत तरी मी नाव काढून टाकीन." दोघांनीही मान हलवली. टेलरकाकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि इन्स्पेक्टरांनीच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

आत डॉक्टरांनी पोरीला इंजेक्शन दिलं, हृदयाचा आलेख काढला, मान हलवली, म्हणाले, अर्ध्या तासाचा उशीरही चालला नसता. सिस्टरांनी सुया लावल्या. मशीन सुरू झालं. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. हळूहळू तिचे खांदे खाली आले, ओठांना रंग आला, आलेखातले उंच सुळके बसायला लागले. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या. गेलेला जीव परत येताना बघितला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं, तसं आजही वाटलं. वाटलं, वेळेवर सावरलं आपण.

"त्यांना फार बोलू नका," पोरगी डोळे न उघडताच म्हणाली.

"त्यांना? अगं, त्या दोघांनी तुला मारलंच होतं जवळजवळ."

"त्यांचं काय. ते बांधलेले होते, माझ्यासारखेच. त्यांनाही चार तास काढायचे होते." तिने श्वास घेतला. आता सरळ घेता येत होता. "त्या बुधवारी मी तुमच्याकडे बघत होते, सिस्टर. खोलीत तुम्हीच तेवढ्या मोकळ्या होता."

आवाजात राग नव्हता. तो असता तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. त्या स्टूलावरून उठल्या, आणि वजनकाट्याशेजारच्या टेबलावरची कार्डं आणि पत्रकं गोळा करून कचऱ्यात टाकायला लागल्या.